बाहेरचा पट्टा

१४ जून १९६४

होल्मसाहेब आज सोलापूरच्या गाडीनं गेले. जाताना दोन वह्या दिल्या. जाड पुठ्ठ्याची आहे ती चौकटीची, तिच्यात डोळ्यांना दिसलं तेवढंच लिहायचं. दुसरी ही. "तुम्हाला काय वाटतं ते हिच्यात लिहा, म्हणजे ते त्या वहीत शिरणार नाही," असं म्हणाले. माणूस स्वीडनचा, पण बोलणं आमच्या तहसीलदारापेक्षा सरळ.

कामाचं स्वरूप एकदा लिहून ठेवतो. सात देशांत मिळून अकरा चौकटी आखल्या आहेत, सगळ्या कोरड्या गवताळ माळांवर. प्रत्येक चौकट वीस वर्षं राखायची. दर पंधरवड्याला गवताच्या जाती, पाखरं, जनावरांच्या खुणा मोजायच्या आणि आकडे स्वीडनला पाठवायचे. सगळे देश एकाच तऱ्हेनं मोजणार, म्हणजे वीस वर्षांनी कळेल की माळ कुठं मरतो, कुठं तगतो आणि का. आमची चौकट नववी. तामलवाडीपासून दीड कोसावर, जंगलखात्याच्या माळावर. चार कोपऱ्यांना लोखंडी खुंटे ठोकलेत, प्रत्येकावर ९ आकडा कोरलेला.

आतली वीस एकर अजिबात शिवायची नाही. तिच्याभोवती पन्नास पावलांचा बाहेरचा पट्टा आहे. त्यात जनावर सोडायचं नाही, पण दिवाळीनंतर गावानं विळ्यानं गवत कापून न्यायला हरकत नाही. फक्त वजन करून लिहायचं. त्यासाठी वहीत वेगळा रकानाच आहे. लोकांचं पोट मारून आखलेली चौकट वीस वर्षं टिकत नाही, असं साहेब दोनदा म्हणाले.

मी हैदराबादेत इंटर सायन्सपर्यंत शिकलो, ते अठ्ठेचाळीसच्या धामधुमीत सुटलं. तेव्हापासून पोरांना पाढे शिकवतोय. आज सोळा वर्षांनी वाटलं की आपणही काहीतरी आहोत. बायकोला, चारुशीलेला, तसं बोललो तर म्हणाली, आधी चहा घ्या, गार होतोय.

२८ जून

दोन आठवड्यांत तीनदा गुरं आत शिरली. बाभळीचं कुंपण कुणीतरी सरपणाला उचलून नेलं. संध्याकाळी चावडीवर लोक जमवले आणि काम समजावून सांगितलं. सात देश, अकरा चौकटी, वीस वर्षं. पट्ट्याचं दिवाळीला सांगू म्हणून ठेवलं. हिंमतराव पाटलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "वीस वर्सं गवत मोजून त्याचं करायचं काय, मास्तर?" मी म्हणालो, ज्ञान. कुणी हसलं नाही एवढीच त्यांची मेहेरबानी. परतताना मागं कुजबुज ऐकली. एकाचं म्हणणं जमिनीखाली तेल आहे, दुसऱ्याचं म्हणणं धरण होणार.

९ जुलै

आज एक गोष्ट केली. बरी की वाईट ते ठरवता येत नाही, पण उपयोगाची नक्की आहे.

तुळजापूरला आमच्या घराण्याकडं पिढ्यान् पिढ्या उपाध्येपण आहे, काका अजून चालवतात. इथं मला मास्तर म्हणतात, पण सणासुदीला पायांवर डोकं ठेवतात ते त्या घराण्यापायी. शेंदूर, हळदकुंकू आणि नारळ घेऊन माळावर गेलो. दहाबारा माणसांदेखत कोपऱ्यातल्या खुंट्याला शेंदूर फासला आणि सांगितलं की काकांना दृष्टान्त झालाय, हा माळ आईच्या नावानं सोडलेला आहे. पुढं काही बोलावंच लागलं नाही. विळा लावला तर काय होईल, असंही कुणी विचारलं नाही. हिंमतरावांनी जोडे काढून हातात घेतले.

खरं तर आतल्या वीस एकरांपुरतंच सांगणार होतो. पण देवीची हद्द पन्नास पावलं आत सुरू होते हे कुणाला पटवणार? पट्ट्याला सवलत ठेवली की सगळंच सैल पडतं. म्हणून सगळंच तिचं करून टाकलं. पट्ट्याचं पुढं बघता येईल.

घरी येऊन चारुशीलेला सांगितलं. साहेबांना विचारलंत का, म्हणाली. मी म्हणालो, साहेबांना आपल्या लोकांतलं काय कळतंय. तिनं थोडा वेळ तांदूळ निवडले आणि मग म्हणाली, "आणि आईला विचारलंत?"

२० सप्टेंबर

एकही जनावर आत नाही. कुंपणही नाही, आणि लागतही नाही. मारवेल आणि पवन्याचं गवत कमरेपर्यंत आलंय. चंडोल मोजता मोजता बोटं पुरेनात. परवा माळढोकाचा नर मान ताठ करून उभा दिसला, जवळजवळ माझ्या छातीइतका. साहेबांना लगेच पत्र टाकलं.

गावानं खुंट्याचं खुंटाई करून टाकलंय. अमावास्येला दहीभाताचा नैवेद्य असतो. नऊ आकड्याच्या खोबणीत कुंकू बसून तो आता लांबूनही वाचता येतो.

आणि राखणदार मला शोधावा लागला नाही, तो आपण होऊन आला. कोंडीराम. चौकटीला लागून त्याची तीन एकर कोरडवाहू आहे, तिथंच गवतानं शाकारलेलं झोपडं. बायको मथुराबाई, एक ठिपक्यांची देवणी गाय, आणि लेक धुरपदा. तिचा नवरा सोलापूरच्या गिरणीत आहे. तिची दोन बाळंतपणं वाया गेलीत. लेकीची कूस उजवली तर जन्मभर तुझी राखण करीन, असं कोंडीराम खुंटाईला बोललाय. तेव्हापासून दिवसातून तीनदा अनवाणी चौकटीला फेरी घालतो, खुंटे उजव्या हाताला ठेवून. असा माणूस खात्याकडून मागून मिळाला नसता.

१८ जून १९६५

कोंडीरामाची धुरपदा बाळंतपणात गेली. मुलगी जगली.

समाचाराला गेलो. कोंडीराम खुंट्याकडं बघत बसला होता. म्हणाला, "म्या लेकरू मागितलं, मास्तर. लेक बी ऱ्हावी आसं बोलायचं ऱ्हाऊन गेलं." तक्रारीचा सूर नव्हता. चूक आपलीच, असं धरून चालला होता.

जावई दिवस करून सोलापूरला परत जाणार आहे. पोर आजीआजोबांकडंच राहील. तिचं नाव नवसा ठेवायचं ठरलंय. गाय याच महिन्यात व्यालीय, तिच्या दुधावर पोर वाढवतायत. गाय धुरपदाच्या आधीच व्याली, खुंटाईनं सगळं बघून ठेवलं होतं, असं मथुराबाई म्हणाली. निघताना मला पितळी वाटीत दूध दिलं. नको म्हटलं तरी ऐकेनात.

२२ ऑगस्ट

पाऊस नाही. जुलैत दोन सरी पडल्या, तेवढ्याच. पेरलेलं करपलं. चौकटीतलं गतसालचं गवत मात्र उभं आहे, वाळलं तरी गुडघाभर. कागदावर हा फरक फार सुंदर दिसतो. बाहेर एका चौरस हातात चार काड्या, आत एकशे चाळीस.

१४ नोव्हेंबर

होल्मसाहेब दोन दिवस राहून गेले. चौकट पाहून एवढे खूश झाले की इंग्रजी सोडून त्यांच्याच भाषेत बोलायला लागले. भोवतीचा माळ तव्यासारखा आणि मध्ये हा पिवळा तुकडा.

कोंडीरामाच्या झोपड्यापुढं त्यांनी फोटो घेतले. मथुराबाईच्या मांडीवर नवसा, शेजारी गाय. "गाय, गाय," असं चारदा म्हणून शब्द पाठ केला. मथुराबाईला पदर तोंडाला लावून हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग वही चाळताना त्यांनी बाहेरच्या पट्ट्याच्या रकान्यावर बोट ठेवलं. सगळीकडं शून्य. गेल्या साली चारा भरपूर होता, लोकांना गरज पडली नाही, असं मी सांगितलं, आणि ते खरंच होतं. यंदा नेतील का, म्हणाले. मी म्हणालो, बघू, लोक स्वतःहूनच जपतायत. त्यांनी ते लगेच टिपून घेतलं.

५ डिसेंबर

हिंमतरावांनी आपली गुरं तेर गावी पाहुण्यांकडं पाठवली. तेरणेच्या डोहात अजून पाणी आहे म्हणतात. ज्यांचे पाहुणे कोरड्या गावात आहेत, ते गुरं बाजाराला नेतायत. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, मिळतेय, तिची भाकरी थापली की फुटते.

काल चारुशीलेनं विषय काढला. काकांना पुन्हा एक दृष्टान्त होऊ द्या, म्हणाली. आईनं कडेचा पट्टा लेकरांसाठी मोकळा केलाय असं सांगा, कोण नाही म्हणणार आहे? मला रात्रभर तेच घोळत राहिलं. खरोखर सोपं होतं. एक खोटं होतंच, त्याच्या पोटात आणखी एक. सकाळी सांगायचं म्हणून चावडीकडं निघालोही होतो.

वाटेत पोस्टमन भेटला. साहेबांचं पत्र. चौथी आणि सहावी चौकट दुष्काळात चरून गेली, तिकडचा सगळा क्रम तुटला. उरलेल्यांत पूर्ण अस्पर्श अशी फक्त नववी. पुढं लिहिलंय, तुमच्या नावाचा उल्लेख मी दर पत्रात करतो.

चावडीवर गेलो, पण दुसरंच काहीतरी बोलून आलो. पट्टा उघडला की लोक आत किती पावलं शिरतील याचा काय भरवसा? पन्नास पावलं मोजत कोण बसणार आहे? जानेवारीपर्यंत थांबून बघतो.

२३ जानेवारी १९६६

शेजारच्या वाडीची दोघं पहाटे विळे घेऊन पट्ट्यात उतरली होती. कोंडीरामानं त्यांच्याशी भांडण केलं नाही. त्यांचे पाय धरले. त्यातल्या एकाला रडू फुटलं म्हणतात, आणि दोघं तसेच रिकाम्या हातांनी गेले. साहेबांना लिहिताना हा प्रसंग मुद्दाम घातला.

२० फेब्रुवारी

मोजणीला गेलो होतो. मथुराबाईनं चहा दिला, तो काळा. गाय आटत आलीय, जे निघतं ते नवसाला. मी म्हणालो, हिंमतरावांचा गडी तेरला जातोय, त्याच्याबरोबर गाय धाडून द्या, जगेल तरी. कोंडीरामानं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आन पोर?"

पोर गुटगुटीत होती ती आता जरा उतरलीय. पण डोळे चलाख आहेत. माझ्या चष्म्याला हात घातला.

गाय पट्ट्याच्या कडेलाच बांधलेली असते. दावं एवढं आखूड की तोंड गवतापर्यंत जात नाही. आधी मला वाटलं, सवयीनं बांधली असेल. मग लक्षात आलं की दाव्याला मोजून गाठ मारलीय.

१३ मार्च

आजवरचा सगळ्यांत मोठा आकडा. माळढोक सोळा. धाविक पाखरं एकेचाळीस. काळविटांचा कळपही पहाटे आत होता. बाहेर कुठं आडोसाच उरला नाही, म्हणून सगळे आमच्याकडं आलेत. एवढे माळढोक एका जागी अकरांपैकी कुठल्याच चौकटीत लागले नसतील.

कोंडीरामानं झोपड्याचं छप्पर अर्धं उतरवलंय. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर डागडुजी काढली, याला म्हणावं तरी काय. पोर उन्हात पडलेली, तिच्यावर मथुराबाईनं लुगडं ताणलं होतं. मी त्याला बोललो की पावसाळ्याआधी शाकारता आलं असतं, घाई काय होती. तो व्हय म्हणाला.

३ एप्रिल

गाय मेली.

मी गेलो तेव्हा ओढून नेली होती. जागेवर शेणाचा एक वाळका गोळा होता, त्यात छपराच्या कुजक्या काड्या जशाच्या तशा दिसत होत्या. झोपड्यावर आता नुसते वासे आहेत. मी ते पाहिलं आणि मागच्या वेळी आपण काय बोललो होतो ते आठवलं.

झोपड्यापासून पट्ट्यातलं गवत वीस पावलांवर होतं. वाऱ्यानं सळसळत होतं.

कोंडीरामाला मी आजच सांगायला हवं होतं. ओठांवर आलं होतं. पण काय सांगणार? काल सांगितलं असतं तर गाय वाचली असती, असं? त्याची दुपारची फेरी चुकली नव्हती.

११ एप्रिल

शाळेत मुलांसाठी आलेल्या परदेशी दूधभुकटीतली दोन पुड्यांएवढी चारुशीलेनं कागदात बांधून नेली. मला विचारलं नाही, फक्त सांगितलं. पोरीला ती पचत नाही. त्यांच्या विहिरीचं पाणी तळाला गेलंय, गाळून घेतलं तरी माती राहते.

१४ एप्रिल

चारुशीला रोज जाते.

१७ एप्रिल

नवसा गेली. दहा महिन्यांची होती.

चारुशीलेनं ताट वाढलं आणि समोर बसली. म्हणाली, "गवत किती आहे हो तिथं? तुमच्या वहीत वजन असेल ना." मी म्हणालो, बाहेरच्या पट्ट्याचं वजन कापल्याशिवाय कळत नाही. ती उठून आत गेली.

२४ एप्रिल

आजचं सगळं लिहायचं आहे. दिसलं ते आणि वाटलं ते वेगळं करता येईल असं वाटत नाही.

होल्मसाहेब काल आले. दुष्काळात चौकट कशी आहे ते पाहायला, मुद्दाम. सकाळी माळावर नेलं. दुर्बिणीतून त्यांनी स्वतः चौदा माळढोक मोजले. मग वही मागितली. रकान्यावर बोट ठेवलं. पट्टा, शून्य.

मी म्हणालो, लोकांची श्रद्धा आहे. त्यांनी भोवताली पाहिलं. लांबवर हाडांची चार गुरं माती हुंगत होती. "पण पट्टा त्यांचा आहे, हे तुम्ही त्यांना सांगितलंय ना?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, हो. वहीत असं काही लिहिलेलं नाही, इथं लिहितो. मी हो म्हणालो.

त्यांना वाटलं लोक भिडस्त आहेत, परक्याच्या कामाचं म्हणून हात लावत नाहीत. मग ते तडक कोंडीरामाच्या झोपड्याकडं निघाले. मी मागून जवळजवळ पळत होतो. गाय नाही, पोर नाही, हे त्यांना सांगायचं राहून गेलं होतं. राहून गेलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं.

कोंडीराम वाशांच्या सावलीत बसला होता. साहेबांनी पिशवीतून पाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी मथुराबाईला फोटो दिला. नोव्हेंबरातला. ती, मांडीवर नवसा, शेजारी गाय. मथुराबाईनं तो बघितला, उलटा करून मागची कोरी बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला आणि छातीशी धरून आत गेली. आत म्हणजे कुठं, छप्पर तर नव्हतंच. भिंतीकडं तोंड करून बसली. साहेब माझ्याकडं बघून हसले. त्यांना वाटलं ती लाजली.

मग त्यांनी कोंडीरामाच्या कुडाला खोचलेला विळा काढला, पट्ट्यात गेले आणि वाकून गवत कापायला लागले. गोरा माणूस, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. नीट कापता येत नव्हतं, तरी एक पेंढी झाली. ती उचलून आणली आणि कोंडीरामाच्या हातांत दिली. "गाय," म्हणाले. आणि पुन्हा, हसून, "गाय."

कोंडीराम पेंढी घेऊन उभा राहिला. आईच्या माळाला विळा लागला म्हणून तो घाबरेल असं मला वाटत होतं. तो घाबरला नाही. त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"साहेब काय म्हनतुया, मास्तर?"

त्या क्षणी मला दहा गोष्टी सांगता आल्या असत्या. दोन वर्षं मी तेच करत होतो. का कोण जाणे, खरं तेच तोंडून गेलं. म्हणालो, हा बाहेरचा पट्टा गावाचा आहे. कापून न्यायला मोकळा आहे.

"कंदीपासनं?"

"पहिल्यापासून."

त्यानं मान हलवली. पेंढी जमिनीवर टाकली नाही. चालत खुंट्यापाशी गेला, ती खुंट्याला टेकवून ठेवली, हात झाडले आणि परत आला. माझ्याजवळ येऊन अगदी हळू बोलला, साहेबांना ऐकू जाऊ नये असं, जणू माझी अब्रू राखत होता.

"मला येकट्याला सांगायचं व्हतं, मास्तर. म्या कुनाला बोललो नसतो."

साहेबांनी विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं, तुमचे आभार मानतोय.

२५ एप्रिल

साहेबांना सोलापूरच्या गाडीत बसवून दिलं. त्यांना अजून काही माहीत नाही. चौकटीच्या वहीत लिहिलं: बाहेरचा पट्टा, एक पेंढी, सुमारे तीन शेर, कापली होल्म यांनी, कुणी नेली नाही.

१० जुलै

मृगाचा पाऊस झाला आणि मागून आर्द्राही चांगल्या लागल्या. माळावर पोपटी झाक आलीय. माळढोक पांगले, आज तीनच होते. तसंच व्हायला हवं.

परवा स्वीडनहून पत्र आलं. सबंध दुष्काळात क्रम न तुटलेली अकरांतली एकमेव चौकट नववी. सप्टेंबरात सातही देशांची माणसं जमणार आहेत. तिथं वाचायला माझ्याकडून दोन पानं हवीत. विषयही त्यांनीच दिलाय: स्थानिक लोकांचं सहकार्य कसं मिळवलं.

पत्र चारुशीलेला वाचून दाखवलं. लिहा की, म्हणाली. एवढंच.

दोन दिवस विचार करून आज ठरवलं की चावडीवर जाऊन सगळं सांगून टाकायचं. खुंट्याचं, काकांच्या दृष्टान्ताचं, पट्ट्याचं. मग काय व्हायचं ते होवो. बदली होईल, गाव थुंकेल, चौकट आठ दिवसांत चरून जाईल. पण आधी कोंडीरामाला सांगावं म्हणून माळावर गेलो. त्याचा तेवढा हक्क होता.

तो दुपारच्या फेरीवर होता. अनवाणी, चिखलात, खुंटे उजव्या हाताला. पट्ट्याचं खरं कळूनही एप्रिलपासून त्याची एकही फेरी चुकलेली नाही, हे मला मथुराबाईनं सांगितलं होतं. त्याच्या बरोबरीनं चालत मी बोललो. पहिल्या दिवसापासूनचं सगळं सांगितलं. चारुशीलेला तांदूळ निवडताना सांगितलं होतं तेही. माफी मागितली. आज संध्याकाळी गावाला सांगतो, म्हणालो.

तो चालायचा थांबला.

"नगा सांगू."

मी म्हणालो, पुन्हा दुष्काळ पडेल, पुन्हा कुणाची तरी गाय मरेल. त्यावर तो म्हणाला, तवा पट्ट्याचं बघू, आईनं मोकळा केला म्हनून सांगा, म्या बी सांगंन. पण खुंटाई खोटी हाय आसं नगा म्हनू. मी विचारलं, का?

त्यानं खुंट्याकडं पाहिलं. खुंट्यापाशी साहेबांची पेंढी अजून टेकलेली होती. पावसानं काळी पडली होती, आणि तिच्या खालून मारवेलाचे नवे फुटवे निघाले होते.

"खोटी आसंल तर मंग माझी नवसा दिली कुनी?" कोंडीराम म्हणाला. "आन गेली कशापायी?"

त्याला उत्तर नकोच होतं. फेरी अर्धी राहिली होती, ती पुरी करायला तो निघून गेला. मी परत आलो. चावडीवर माणसं बसली होती, हिंमतरावांनी या मास्तर म्हणून जागा केली. पावसापाण्याचं बोललो आणि घरी आलो.

पंधरवड्याची नोंद केली. आतली चौकट: हिरवळ धरू लागली. बाहेरचा पट्टा: शून्य. मग कोरा कागद घेऊन सातही देशांच्या माणसांसाठी पहिलं वाक्य लिहिलं: येथील लोकांनी हे काम आपले मानले आहे. लिहून वाचून पाहिलं. खोडायला टाक उचलला, पण वाक्य खरं आहे, म्हणून खोडता येत नाही.